एक खोकला उजवीकडं, दोन डावीकडं

आमच्या गावच्या देवाला भर दुपारी मशाल लागते. ऊन मी म्हणत असतं, कुत्रीसुद्धा सावली धरून पडलेली असतात, आणि पालखीच्या पुढं आमचा बाप पेटती दिवटी घेऊन चाललेला असतो. लहानपणी मी अण्णांना विचारलं होतं, देवाला दिवसा दिसत नाही का? अण्णा पट्ट्यावर वस्तरा घासत होते. म्हणाले, "देवाला दिसतंय की. गावाला दिसत न्हाय. म्हणून आपण पुढं."

आपण म्हणजे न्हावी. अण्णांचं दुकान कोल्हापुरात, राजारामपुरीत होतं. दोन खुर्च्या, एक बाकडं, समोरासमोर लावलेले दोन आरसे आणि अण्णांचं तोंड. यातलं शेवटचं कधी बंद नसायचं. पण मूळ गाव तिकडं गारगोटीच्या पलीकडं, डोंगरात. गारगोटीपर्यंत एस.टी., तिथून दुसरी एस.टी. आली तर आली, आणि फाट्यावर उतरून तासभर चढ. हल्ली लोक त्या बाजूला शांतता बघायला जातात. काळ्या दगडांच्या देवळांचे आणि कौलारू घरांचे फोटो काढतात, चुलीवरची भाकरी खाऊन डोळे मिटतात आणि संध्याकाळच्या आत गाडीत बसून परत येतात. आमच्या वेळी ती शांतता कुणाला नको होती. तिच्यापायीच निम्मं गाव कोल्हापुरात, नाहीतर कबनूरला मागावर आलं होतं.

जत्रेला मात्र सगळे परत जायचे. आणि जत्रेत दिवटीचा मान आमच्या घराचा. नियम एकच, पण तो देवापेक्षा कडक. दिवटीच्या पुढं कुणी पाऊल टाकायचं नाही. पाटलानं नाही, गुरवानं नाही, सरपंचानं नाही, तालुक्याचा साहेब आला तर त्यानंसुद्धा नाही. दिवटी थांबली की देव थांबणार, दिवटी वळली की देव वळणार. वर्षभर आमचं घर गावाच्या हनुवटीखाली. पंगतीत शेवटी, बोलण्यात शेवटी, आणि हाक मारायची तर "ए न्हाव्या". एक दुपार तेवढी अख्खं गाव आमच्या पाठीमागं. अण्णा कोल्हापुरात राहून त्या एका दुपारीसाठी जगायचे. मला त्या देवाचं फार कौतुक कधीच नव्हतं. पण दिवटी हातात घेतलेल्या अण्णांची चाल बघितली की मीसुद्धा तोंड मिटून घ्यायची.

मी अकरावी पास होऊन टायपिंगच्या क्लासला जात होते, त्या वर्षीची ही गोष्ट. पोरांनी मानेवर केस वाढवायची टूम काढलेली, त्यामुळं धंदा आधीच बसला होता. त्यात एक दिवस कबनूरचा एक मागवाला तरुण दुकानात आला. राजारामपुरीत त्याची सासरवाडी, सणाला आलेला, दाढी करून सासूपुढं जायचं होतं. अण्णांनी बोलता बोलता त्याची डावी मिशी उडवली. टोक नव्हे, अख्खी डावी मिशी! आता काय करणार? उजवीही काढली, आणि "ही आत्ताची फ्याशन हाय पावणं, पुण्यात समदी अशीच फिरत्यात" म्हणून आरसा पुढं धरला. पावणा भोळा, खूश होऊन गेला. पण आपल्याकडं माणूस मिशी कधी काढतो? बाप मेल्यावर. सासूनं दारात जावयाचं तोंड बघितलं आणि हंबरडाच फोडला. गल्ली गोळा झाली, बायका गळ्यात पडून रडायला लागल्या, आणि जावई बिचारा "अवो, काय झालंय तरी काय" म्हणतोय तर त्याला कुणी बोलूच देईना. "रड बाबा, मोकळा हो" म्हणून सगळे त्याचीच पाठ थोपटायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्याचा बाप कबनूरहून स्वतः दुकानात आला. जिवंत, धडधाकट, पायात करकर वाजणारं पायताण. दारातूनच म्हणाला, "मला मारणारा न्हावी कोण, त्यो बघाय आलोय." अण्णांनी त्याला खुर्चीत बसवलं, फुकट दाढी केली, वर चहा पाजला, आणि त्याची मिशी मात्र सांभाळली. प्रकरण हसण्यावारी गेलं.

मला हसू आलं नाही. मी बाकड्यावर बसले होते आणि मी बघितलं होतं. वस्तरा लावायच्या आधी अण्णा डाव्या हाताच्या बोटांनी गिऱ्हाइकाचा गाल चाचपडत होते. नाक कुठं, ओठ कुठं, मिशी कुठं. पूर्वी ते असं कधी करत नसत. घरी जेवायला बसल्यावर मी मुद्दाम आमटीच्या वाटीच्या जागी पाण्याचं फुलपात्र ठेवलं. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, फुलपात्रात बुडवला, खाल्ला आणि आईला म्हणाले, "आज आमटी पातळ झालीया."

आईनं तोंडाला पदर लावला. मला आधी हसू आलं, मग मी ते फुलपात्र उचललं आणि आमटीची वाटी पुढं सरकवली.

राजारामपुरीतच डोळ्यांचे एक डॉक्टर होते. त्यांच्याकडं अण्णांना अक्षरशः ओढत नेलं. डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पूर्ण पिकलाय, डावाही जवळपास पिकत आलाय, महिन्याभरात ऑपरेशन करा, उशीर केलात तर डोळा कायमचा जाईल. अण्णा म्हणाले, "पिकलाय म्हंजे गळून पडंल की आपोआप." डॉक्टर हसले नाहीत. तेव्हा अण्णांना कळलं की प्रकरण गंभीर आहे, कारण अण्णांच्या विनोदाला न हसलेलं ते पहिलंच गिऱ्हाईक होतं.

घरी आल्यावर अण्णा हटून बसले. "जत्रा हुंदे." जत्रा तीन आठवड्यांवर होती. मी म्हटलं, जत्रेचा आणि डोळ्याचा काय संबंध? तर म्हणाले, "ऑपरेशन म्हंजे गावाला कळणार. कळलं की तात्या टपलेलाच हाय."

तात्या म्हणजे अण्णांचा चुलतभाऊ. गावातच राहायचा, गावच्या दाढ्या तोच करायचा. पण आमचं घर थोरलं, म्हणून दिवटीचा मान आमचा. हे शल्य तात्याच्या पोटात तीस वर्षं होतं. दर जत्रेत तो अण्णांच्या मागं दोन पावलांवर चालायचा आणि अण्णा कधी अडखळतात याची वाट बघायचा.

"आंधळ्याच्या हातात आग कोण दील?" अण्णा म्हणाले. "गावच म्हणंल, द्या दिवटी तात्याकडं. एकदा गेलेला मान परत येत न्हाय. त्यापेक्षा असं करू. ही जत्रा कुणाला न कळता पार पडली, की दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. तुझ्या गळ्याची आण."

"आणि कळलं तर?"

"मग डोळं आणून बघायचं काय? तात्याची पाठ?"

आई म्हणाली, "जन्मभर चाललेली वाट हाय, पाय आपोआप जातील." पण तेही सोपं नव्हतं. त्याच वर्षी गावात नळ येणार होता. नळ आलाच नाही, पण त्याच्यासाठी चर मात्र खणून ठेवली होती, आणि ती नेमकी पालखीच्या वाटेवर. सरकारनं गावाला पाणी दिलं नाही, पण माझ्या बापाला पाडायची सोय करून ठेवली.

मग युक्ती निघाली. दिवटीत तेल घालायला शेजारी एक माणूस लागतो. त्याच्या हातात बुधली, म्हणजे तेलाचं पितळी भांडं. घरात मुलगा नव्हता, म्हणून दरसाल मामाचा पोरगा यायचा. त्या वर्षी बुधली मी घ्यायची ठरली. हात धरायचा नाही, बोलायचं नाही, कारण तात्या मागं. खोकायचं. एक खोकला म्हणजे उजवीकडं, दोन म्हणजे डावीकडं, तीन म्हणजे थांब. रोज दुकान बंद केल्यावर आम्ही घराच्या मागं तालीम करायचो. अण्णांच्या हातात केरसुणी, माझ्या हातात तांब्या. शेजारणीनं आईला विचारलं, "पोरीला डांग्या खोकला झालाय काय वं? आणि त्यांना रोज झाडलोट का कराय लावताय?"

जत्रेदिवशी बुधली माझ्या हातात बघून तात्याचं तोंड कडू झालं. "पोरीच्या हातात बुधली? असं कधी झालं न्हवतं."

"तेलाला काय कळतंय, बाई का बुवा?" अण्णा म्हणाले आणि दिवटी पेटवली.

देऊळ डोंगराच्या पोटात. खाली उतरत यायचं, गावातून फिरायचं, वडाच्या पारापाशी वाट फुटते तिथं उजवीकडं वळायचं आणि ओढ्यावर जायचं. तिथं देवाची आंघोळ. पारापासून डावीकडं एक छोटी आळी आहे, तीन-चार घरांची. त्यात दोन घरं मुसलमानांची. देव त्या आळीत कधी गेला नव्हता. का गेला नव्हता, ते कुणी विचारलंही नव्हतं.

निघालो. पुढं अण्णा, अंगात नवा सदरा, मान ताठ, दिवटी उंच धरलेली. त्यांच्या उजव्या बाजूला अर्धं पाऊल मागं मी. मागं हलगी, त्यामागं चार भोयांच्या खांद्यावर देव, आणि त्यामागं सगळं गाव. चर जवळ आली. मी एकदा खोकले. अण्णा सहज उजवीकडं सरकले, चरीच्या कडेकडेनं गेले आणि माझ्या दोन खोकल्यांवर पुन्हा मधोमध आले. असे झोकात गेले की मला वाटलं, शिट्टी मारावी! तात्या मात्र मागून म्हणाला, "पोरीला खोकला झालाय जणू." मी म्हटलं, "व्हय तात्या, राजारामपुरीत धूळ लई." अण्णा गालातल्या गालात हसले.

आता एवढं वळण राहिलं होतं. वडाच्या पारापाशी एकदाच खोकायचं होतं, बस्स. आणि तिथंच घात झाला. मुंबईहून आलेली पोरं गुलालाची पोती घेऊन पारावर चढून बसली होती. दिवटी दिसल्याबरोबर त्यांनी पोतंच्या पोतं वरनं ओतलं. नाकातोंडात गुलाल गेला आणि मला खोकल्याची उबळ आली. खरी उबळ! एक, दोन, तीन, चार, थांबेचना. तोंड दाबून बघितलं, तर ती आणखी जोरात आली. अण्णा आधी उजवीकडं वळले, मग थबकले, मग डावीकडं वळले, परत थबकले. माझा खोकला चालूच. मग शेवटी त्यांनी मनाशी काहीतरी हिशेब केला आणि सरळ डावीकडच्या आळीत शिरले.

मागनं देव आला. त्याच्या मागनं गाव आलं. लोकांना दिसत होतं की ओढा उजवीकडं आहे. पण दिवटी डावीकडं गेली होती, आणि दिवटीच्या पुढं पाऊल टाकायचं नाही. तिला हाक मारून वळव, असाही कुठं नियम नव्हता. हलगीवाला तर आणखी जोरात वाजवायला लागला.

आळीच्या टोकाला गवताची गंजी होती. वाळून खडखडीत झालेली. अण्णा दिवटी पुढं धरून सरळ तिच्यावर चालले होते. मी ओरडायचा प्रयत्न केला, पण घशातून नुसती हवा आली. दहा पावलं, आठ पावलं. हातातली बुधली सांडली, तेल माझ्या परकरावर. मी हात पुढं केला, सदरा हाताला लागेना.

गंजीच्या अलीकडच्या अंगणात काकणवाली चाची बसली होती. गावातली सगळी लग्नं तिच्या काकणांनी लागलेली. साठीची बाई, नाकावर बाटलीच्या बुडासारखा चष्मा. आम्ही सगळे अण्णांच्या मागं होतो. आम्हाला दिसत होती ती त्यांची पाठ, आणि पाठ ताठ होती. ती एकटी समोर होती. तिला त्यांचं तोंड दिसत होतं. ती ताडकन उठली आणि तिनं अण्णांचं मनगटच धरलं.

"थांब रं बाबा! म्होरं गंजी हाय, दिसत न्हाय व्हय तुला?"

हे ती चिडून म्हणाली, आपण कुणालाही म्हणतो तसं. मग तिनं जवळून त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि तिचा आवाजच खाली आला. "अरं माझ्या कर्मा. तुला खरंच दिसत न्हाय."

हलगी थांबली. मला वाटलं, आत्ता धरणी फाटावी आणि मला पोटात घ्यावी, आणि जमलं तर तात्यालाही. तात्याचाच आवाज आला, "मी म्हणतच हुतो!"

अण्णा सरळ उभे होते. "व्हय," ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "न्हाय दिसत. सा म्हैनं झालं. पोरगी खोकत हुती, मी चालत हुतो." त्यांचा आवाज चिरकला. माझ्या बापाचा आवाज चिरकलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, आणि मला स्वतःचा इतका राग आला की मी परकराच्या तेलकट घोळातच तोंड खुपसलं.

"दे मग ती दिवटी हिकडं," तात्या म्हणाला आणि घ्यायला पुढं सरसावला. पण घ्यायची तर दिवटीच्या पुढं जावं लागणार! त्याचा पाय उचलला न उचलला तोच गुरव ओरडला, "ए! पाय माघारी घे!" तात्या एका पायावर उभा.

मग पालखीचा म्हातारा भोई बोलला. खांद्यावर देव तसाच. "त्याला दिसत न्हाय, कबूल. आम्हास्नी दिसत हुतं का न्हाय? वढा उजवीकडं हाय हे बारक्या पोरालाबी ठावं हाय. तरी आलोच की समदी ह्याच्या मागनं, देवाला घिऊन. मग आंधळं कोण?"

कुणीतरी खुसकन हसलं. मग दुसरं हसलं, आणि मग आळीच हसायला लागली. गुरवानं घसा खाकरला. "मान घराचा हाय, डोळ्याचा न्हाय. पुढच्या साली काय करायचं ते पुढच्या साली बघू. आता वळा माघारी."

"वळा म्हंजे?" चाची म्हणाली. "देव दारात आलाय माझ्या. तुमची भांडणं हुंद्यात सावकाश."

पालखी दारात थांबली की भोयांच्या पायांवर पाणी घालायचं, ही आमच्याकडची रीत. चाचीला ती पुरती माहीत होती. जन्मभर तिनं ती लांबून बघितली होती. तिनं घागर आणली, चौघांच्या पायांवर पाणी घातलं, आणि मग अण्णांच्या पायांवर. न्हाव्याच्या पायांवर पाणी कुणी घालत नाही. अण्णा गोंधळले, एक पाय मागं घेतला. "ठेव तिथं पाय," ती दरडावून म्हणाली. पाणी घालता घालताच तिनं त्यांना ऐकवलं, "मीबी अशीच भ्यालते. गारगोटीला डोळ्याच्या शिबिरात ल्योकानं नेली बळंच. काय दुखत न्हाय. डोक्याच्या दोन्ही अंगाला वाळूच्या पिशव्या ठेवत्यात, सात दिस हलायचं न्हाय, बोलायचं न्हाय."

"बोलायचं न्हाय?" अण्णा म्हणाले. एवढ्या सगळ्या गोंधळात त्यांचा चेहरा खरा उतरला तो तेव्हा.

परतीच्या एस.टी.त अण्णा खिडकीशी बसले. गाडी हलल्यावर म्हणाले, "किती खोकलीस गं! तीन धरलं, थांबाय गेलो, तर वर आणि दोन. म्हटलं, डावीकडं म्हणतीया." मी म्हटलं, चुकलं माझं. ते म्हणाले, "चुकलं ते चुकलं. पर सौदा मोडला. कळलं समद्यांना. आता ऑपरेशनचं नाव काढायचं न्हाय."

मग मात्र माझं टाळकं सरकलं. सकाळपासूनची भीती, गुलाल, सांडलेलं तेल, सगळंच वर आलं. मी भर एस.टी.त ओरडले, "तात्याची पाठ, तात्याची पाठ! सारखी तात्याची पाठ! माझं तोंड नको बघायला तुम्हाला? उद्या माझं लग्न झालं तर नवरा काळा का गोरा ते मी खोकून सांगू?" सगळी गाडी मागं वळून बघायला लागली. कंडक्टर म्हणाला, "बाई, जरा हळू." मी त्यालाही सुनावलं. आई पदराआड हसत होती का रडत होती, कळलं नाही.

अण्णा गारगोटीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ही त्यांच्या तोवरच्या आयुष्यातली सर्वात लांब गप्प बसण्याची वेळ. गारगोटीच्या स्टँडवर उतरल्यावर हवेतच हात पुढं करून म्हणाले, "हात धर. आणि ते शिबिर कुठं भरतंय, इचार कुणाला तरी."

महिन्याच्या आत उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सात दिवस वाळूच्या पिशव्यांमध्ये डोकं, तोंड बंद. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे सुखात होते. आठव्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी जाड भिंगाचा चष्मा नाकावर चढवला आणि म्हणाले, "काय दिसतंय?" अण्णांनी माझ्याकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. त्यांच्या डोळ्यातनं पाणी यायला लागलं, आणि डॉक्टर "रडायचं नाही, रडायचं नाही" म्हणून ओरडायला लागले.

"भांग वाकडा हाय तुझा," अण्णा म्हणाले.

आणि मी रडले. मला कुणी मना केलं नव्हतं.

त्या वर्षभरात गावात पालखीच्या त्या वळणाच्या तीन कहाण्या तयार झाल्या. एक म्हणे देवाचीच इच्छा. दुसरी म्हणे देव बाटला. तिसरी म्हणे न्हाव्यानं पिलेली होती. अण्णा आयुष्यात प्यालेले नाहीत, पण तिसरीच जास्त चालली. शेवटी जत्रेआधी गाव बसलं आणि ठरलं, की दिवटी आमच्याकडंच राहू दे, आता दिसतंय त्याला. पण पालखी जुन्या वाटेनं सरळ ओढ्यावर न्यायची. गेल्या साली झालं ते चुकून झालं. निरोप घेऊन तात्याच आला कोल्हापूरला. जाताना दारात म्हणाला, "ह्या टायमाला जर चुकलास, तर मान गेलाच म्हणून समज."

अण्णा म्हणाले, "मला दिसतंय आता तात्या. तू दाढी वाढवलीयास. बस, ती करून घे."

जत्रेत बुधली परत माझ्याच हातात. खोकल्याची गरज उरली नव्हती. चर बुजवली होती, नळ अजून यायचा होता. ऊन कडक, वाट लख्ख दिसत होती. अण्णा पारापाशी आले. उजवीकडं ओढा. डावीकडं आळी. आळीच्या टोकाला अंगण झाडून सडा टाकलेला होता, आणि चाची दारात उभी होती. पायाशी भरलेली घागर. तिला गावाचा निर्णय कुणी कळवला नव्हता, नाहीतर कळूनही ती उभी होती.

अण्णा थांबले. मागं देव थांबला, गाव थांबलं. अण्णांनी चाचीकडं बघितलं. तिचा चेहरा त्यांनी गेल्या साली बघितलाच नव्हता, नुसता हात ओळखीचा होता. तात्या मागून दबक्या आवाजात म्हणाला, "उजवीकडं. उजवीकडं हाय वढा." अण्णा हलले नाहीत. मागं वळूनही बघितलं नाही. मान ताठ ठेवून ते नुसते उभे राहिले, तालमीच्या वेळी घरामागं केरसुणी धरून उभे राहायचे तसे, कान माझ्याकडं लावून.

मग माझ्या लक्षात आलं.

घसा अगदी साफ होता. मी खोकले. एकदा, आणि मग नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असं, दुसऱ्यांदा.

अण्णा डावीकडं वळले. त्यांच्या मागं देव वळला, आणि देवाच्या मागं गाव, आणि गावात तात्या.